विषयपत्रिकेतले मासे

गुरुवारी सकाळी मार्लिस हॅगबर्गने कॉफीचा कप टेबलावर ठेवला, अंगातला कोट काढायच्या आधीच कॉम्प्युटर सुरू केला आणि मटकन खाली बसली. पडद्यावर रोजच्या निळ्या पानाऐवजी एक राखाडी चौकोन होता. त्यात लिहिलं होतं : 'आपल्या कराराची मुदत संपली आहे. कृपया आपल्या संस्थेच्या व्यवस्थापकाशी संपर्क साधा.'

व्यवस्थापक ती स्वतःच होती.

मार्लिस ही थोरवाल्ड शहराची नगरसचिव. मिनेसोटातल्या त्या लहानशा शहरात नगरपरिषदेची सभा बोलवायची, सभेपुढच्या विषयांची पत्रिका करून वेबसाइटवर लावायची आणि कोण काय बोललं ते लिहून ठेवायचं, हे तिचं काम. पूर्वी हे सगळं कागदावर चालायचं. मग एका कंपनीचं सॉफ्टवेअर आलं आणि विषयपत्रिका, जोडपत्रं, जुने ठराव, शहराची वेबसाइटसुद्धा, सगळं त्याच्या पोटात गेलं. दर वर्षी फेब्रुवारीच्या सभेत या सॉफ्टवेअरच्या कराराचं नूतनीकरण व्हायचं. विषय पुकारला जायचा, हात वर व्हायचे, पुढचा विषय. या वर्षी ऐन सभेच्या दिवशी बर्फाचं असं वादळ आलं, की सभाच रद्द झाली आणि सगळे विषय मार्चवर ढकलले गेले. करार मात्र ठरल्याप्रमाणे फेब्रुवारीबरोबर संपला. त्याला वादळाचं कोणी कळवलं नव्हतं.

आणि मार्चची सभा येत्या सोमवारी होती. तिने कंपनीला फोन लावला.

"हाय मार्लिस, मी केल्सी. कसं आहे आज तुमच्याकडे हवामान?"

"बर्फ पडतोय."

"वा, किती छान. आमच्याकडे जॉर्जियात उकाडा सुरू झाला बघा. बोला, काय सेवा करू?"

मार्लिसने अडचण सांगितली. केल्सीला ती अडचणच वाटली नाही. "कागद तयारच आहेत. तुम्ही सही केलीत, की पाच मिनिटांत सगळं सुरू."

"मंजुरीशिवाय मला सही करता येत नाही."

"मग घ्या ना मंजुरी."

"मंजुरी सभेत मिळते. सभेच्या तीन दिवस आधी विषयपत्रिका लावावी लागते, नाहीतर ती सभाच धरत नाहीत. आणि विषयपत्रिका लावायचं सॉफ्टवेअर तुम्ही बंद केलंय."

पलीकडे कीबोर्डची टकटक झाली. "मी तुमची अडचण समजू शकते," केल्सी म्हणाली. "तुम्ही असं का नाही करत? आधी सही करा..."

तीच वाट तीनदा चालून झाल्यावर मार्लिसने आभार मानून फोन ठेवला. थोरवाल्डमध्ये कोणी रागावून फोन ठेवत नाही. पण तिची खरी काळजी केल्सी नव्हती. सोमवारच्या सभेत अग्निशमन दलाच्या नव्या गाडीचा ठराव होता. गाडी राज्य सरकार देणार होतं, पण थोरवाल्डने त्या सभेत ती स्वीकारली नाही, तर ती शेजारच्या हॅलस्टनला जाणार होती. हॅलस्टनकडे आधीच दोन होत्या आणि त्या चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत थोरवाल्डच्या नाकासमोरून फिरवल्या जात.

नगराध्यक्ष गॅलेन टोलेफसनचं चौकात फर्निचरचं दुकान होतं. तो आणि मार्लिस शाळेपासून एकत्र. तो पायावरचा बर्फ झटकत आला आणि त्याने सगळं ऐकून घेतलं.

"एवढंच ना? करून टाक सही. सोमवारी मंजूर करून घेऊ. कोणाला कळतंय?"

"स्टोरडाल सरांना," मार्लिस म्हणाली.

गॅलेनने टोपी काढून मांडीवर ठेवली.

ओरविल स्टोरडाल सरांनी त्या दोघांनाही आठवीत नागरिकशास्त्र शिकवलं होतं. निवृत्तीनंतर ते प्रत्येक सभेला येऊन पहिल्या रांगेत बसत. बहुतेक वेळा प्रेक्षकांत तेवढेच असत. दोन वर्षांपूर्वी परिषदेने कॉफीचं यंत्र आधी घेतलं आणि मंजुरी मागून, तर सरांनी हात वर करून नियम वाचून दाखवला होता. सभा पुन्हा घ्यावी लागली आणि नव्या मंजुरीपर्यंत यंत्र झाकून ठेवावं लागलं. आवाज चढवला असता तर परवडलं असतं. सर फक्त म्हणाले होते, "गॅलेन, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." त्यानंतर गॅलेनला कितीतरी दिवस ती कॉफी गोड लागली नव्हती.

शहराचे वकील कॉनराड व्हिटमर दर गुरुवारी यायचे. त्यांना हाक मारली. ते वयाने लहान, पण भिण्यात कोणाला हार जाणारे नव्हते. त्यांनी जुना ठराव काढून वाचला. "सूचना वेबसाइटवर लावावी. वेबसाइट बंद असल्यास नगरभवनाच्या दारावरील सूचनाफलकावर लावावी." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग प्रश्नच मिटला. कुठंय फलक?"

मार्लिसने गॅलेनकडे पाहिलं. गॅलेन बाहेरचा बर्फ बघू लागला.

"मी तो देऊन टाकला," तो म्हणाला. "कोणी वाचायचं नाही. उगाच गंजत होता. माजी सैनिकांच्या क्लबला दिला. तिथली बर्निस त्यावर मेन्यू लावते."

गुरुवारचा उरलेला दिवस आणि शुक्रवारी दुपारपर्यंत मार्लिस प्रत्येक खात्याला फोन करत होती आणि 'तू मला कोणता विषय पाठवला होतास रे?' असं विचारत होती. निम्म्यांना आठवत नव्हतं. उद्यान खात्याचा माणूस म्हणाला, "मी पाठवला की विसरून जातो. म्हणून तर तुझ्याकडे पाठवतो." शेवटी पत्रिका दोन पानांत बसली. मग ती आणि गॅलेन त्याच्या दुकानाची गाडी घेऊन क्लबवर गेले.

ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत शुक्रवार म्हणजे क्लबात तळलेले मासे. बर्निस क्विगली हाताला पीठ लागलेलं तसंच बाहेर आली.

"बोर्ड? आज? आज शुक्रवार आहे, गॅलेन."

"फक्त सोमवारपर्यंत. बर्निस, तुझा मेन्यू गेली कित्येक वर्षं तोच आहे. लोकांना पाठ आहे."

"पाठ आहे म्हणूनच बघतात. आपलं बरोबर आहे ना, याची खात्री करायला." तिने हात पुसले. "बरं. हे जरा वेगळंच झालं म्हणायचं."

थोरवाल्डमध्ये याहून कडक शब्द नाही. मार्लिस मान खाली घालून उभी राहिली. तरी मासे खायला आलेल्या चार म्हाताऱ्यांनीच स्क्रू काढून दिले आणि फलक गाडीत चढवला. फलकाच्या काचेच्या दाराची किल्ली कोणालाच सापडली नाही. त्यामुळे नगरभवनाच्या दारावर फलक ठोकून झाल्यावर मार्लिसने दोन्ही पानं काचेवर बाहेरून, चिकटपट्टीने लावली. अंधार पडत होता, बोटं गारठली होती. तिने पानं वरपासून खालपर्यंत तीनदा वाचली. एकही चूक नव्हती. मुदतीला अजून तास होता. ती घरी गेली आणि दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली.

सोमवारी दुपारी बर्निसचा फोन आला.

"मार्लिस, मला वाईट वाटलं असं नाही. पण तळणार कोण आहे?"

"काय तळणार?"

"मासे. सगळे मला विचारतायत. मी म्हटलं, मला कोणी काही बोललं नाही. हॅलस्टनवाल्यांना दिलं असेल काम, तर तसं सांगून टाक."

कोट न घालताच मार्लिस पुढच्या दाराकडे धावली. कर्मचाऱ्यांच्या गाड्या मागे लागायच्या, त्यामुळे शुक्रवारनंतर ती पुढच्या दाराने आलीच नव्हती. काचेवर तिची पानं नीट होती. पण काचेच्या आत बर्निसचा मेन्यू तसाच होता आणि तो पानांपेक्षा लांब होता. त्यामुळे सूचना अशी वाचली जात होती : विषय सहा, अग्निशमन गाडी स्वीकारणे. विषय सात, सॉफ्टवेअर कराराचे नूतनीकरण. आणि त्याखाली, ठळक अक्षरांत : तळलेले मासे, पोटभर. सोबत कोबीची कोशिंबीर. सर्वांचे स्वागत.

तिने खिशातला रुमाल काढून त्या ओळींवर धरला, तेवढ्यात सभेसाठी लवकर आलेले कॉनराड मागून ओरडलेच. "हात लावू नका. लावलेल्या सूचनेत बदल केला, तर तीन दिवस पहिल्यापासून मोजावे लागतील. गाडी गेली समजा."

"मग हे असंच राहू द्यायचं?"

"असंच."

"आणि सभेत मासे नसले तर?"

कॉनराडनी सूचना पुन्हा एकदा वाचली. त्यांचा चेहरा फलकाच्या काचेसारखा थंड पडला होता.

संध्याकाळी सात वाजता सभागृह भरून लोक भिंतीला टेकून उभे राहिले होते. जिथे एरवी स्टोरडाल सर आणि खोली तापवणारा रेडिएटर एवढेच असत, तिथे कोट ठेवायला जागा नव्हती. दोन बायकांनी लिंबाच्या वड्यांचे ट्रे आणले होते, कारण रिकाम्या हाताने कसं यायचं. एका आजोबांनी शर्टाच्या खिशात स्वतःचा काटा आणला होता. सगळे अतिशय सभ्यपणे स्वयंपाकघर कुठे असेल याचा अंदाज घेत होते.

मार्लिस इतकी गोंधळली होती, की हजेरी घेताना तिने स्वतःचंच नाव पुकारलं. गॅलेनने सभा सुरू केली आणि घसा खाकरला. "माशांच्या बाबतीत थोडा..." एवढं म्हणून तो थांबला, कारण पहिल्या रांगेत एक हात वर गेला होता.

स्टोरडाल सर सावकाश उठले. ते आधी गॅलेनकडे, मग मार्लिसकडे पाहत राहिले. मार्लिसला आठवीतला गृहपाठ न केल्याचा दिवस आठवला.

"मी दारावरची सूचना वाचली," सर म्हणाले. "उभं राहून, पूर्ण. सूचनेत सात विषयांना क्रमांक आहेत. माशांना क्रमांक नाही. ज्याला क्रमांक नाही, तो सभेपुढचा विषय नाही. तो सभेत घ्यायचा झाला, तर ती सूचनेबाहेरची गोष्ट होईल आणि मला हरकत घ्यावी लागेल." ते बसायला लागले, मग पुन्हा उठले. "माझ्या घरी कॉम्प्युटर नाही. सभेत काय आहे हे सभेला यायच्या आधी मला कित्येक वर्षांत पहिल्यांदा कळलं. त्याबद्दल नगरसचिवांचे आभार."

मार्लिसने वृत्तांतात 'आभार' लिहिलं आणि पेन्सिलीचं टोक मोडलं.

आता मासे नाहीत म्हटल्यावर लोक उठून जातील, अशी गॅलेनची अपेक्षा होती. पण थोरवाल्डमध्ये एकदा बसलेला माणूस कार्यक्रम संपेपर्यंत उठत नाही. ते बरं दिसत नाही. लिंबाच्या वड्या फिरू लागल्या आणि माणसं काहीतरी करायचं म्हणून ऐकू लागली. ऐकायला लागली तशी विचारायलाही लागली. सहाव्या विषयाला काटावाले आजोबा म्हणाले, "गाडी घ्या, घ्या. पण ती अग्निशमन ठाण्याच्या दारातून आत जाते का, ते बघितलंय कोणी?"

परिषदेने अग्निशमन प्रमुखाकडे पाहिलं. प्रमुखाने स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. मग तो टेप घेऊन रस्त्यापलीकडे गेला आणि परत येऊन म्हणाला, "शिडीसकट नाही जात. वीतभर कमी पडतं." अखेर 'ठाण्याच्या दारात मावेल अशी' एवढे शब्द घालून ठराव झाला. गाडी थोरवाल्डचीच झाली.

सातवा विषय आला तेव्हा बर्निसने हात वर केला. "हे सॉफ्टवेअर नसतं तर काय झालं असतं?"

सगळ्यांनी मार्लिसकडे पाहिलं. "ते आत्ता नाहीच आहे," ती म्हणाली. "जे होतंय, ते तुमच्यासमोर आहे."

सगळे हसले. सर हसले की नाही, ते तिला नीट दिसलं नाही. करार मंजूर झाला. मंगळवारी सकाळी पडद्यावरचं पान निळं झालं आणि केल्सीने फोन करून जॉर्जियातलं हवामान सांगितलं.

मे महिन्यात एका दुपारी गॅलेन मार्लिसच्या खोलीत आला आणि त्याने दार लावून घेतलं. त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. एप्रिलची सभा साडेदहापर्यंत चालली होती. मेची त्याहून लांबली होती, कारण लोकांनी फुटपाथच्या फरशा स्वतः मोजून आणल्या होत्या.

"मार्लिस, सॉफ्टवेअर नीट चालतंय ना?"

"अगदी नीट."

"मग आता त्या बोर्डची तशी गरज नाही. बर्निसला परत द्यायला हवा. बिचारीची अडचण होते."

"बर्निस दर सभेला येते, गॅलेन. गेल्या खेपेला तिने कचऱ्याच्या गाडीवर वीस मिनिटं प्रश्न विचारले."

"तेच म्हणतोय मी," गॅलेन म्हणाला. "काढता येईल का?"

मार्लिसने थोडा विचार केला. तिला त्याची खरंच दया आली. "येईल. पण एप्रिलच्या सभेत सरांच्या सूचनेवरून आपण तो कायम ठेवायचा ठराव केलाय. त्यामुळे काढायलाही परिषदेची मंजुरी लागेल. म्हणजे विषय पत्रिकेत घालावा लागेल."

"घाल मग."

"आणि पत्रिका बोर्डवर लावावी लागेल. तीन दिवस आधी."

गॅलेनने खिडकीतून बाहेर पाहिलं. दारापाशी दोन बायका चष्मे नाकावर ओढून फलक वाचत होत्या आणि एक जण कागदावर काहीतरी टिपून घेत होती. मग त्याने खुर्ची ओढली, बसला आणि म्हणाला, "पुढच्या सभेला आपण जेवून यायचं का?"