सिहोरावाली किडनी

दिनांक ११ जुलै २०२१, रविवार, सकाळी दहा वाजता, मौजा सानगडी, तालुका साकोली, जिल्हा भंडारा (विभाजनानंतर उरलेला) येथे टेकचंद यांच्या ओसरीवर कुटुंबसभा भरली. आपले कोण आणि परके कोण हे ओळखणे हा सजीवाचा प्रथम धर्म होय. हे कुटुंब तो पिढ्यानपिढ्या निष्ठेने पाळत आले आहे.

तीन महिन्यांपूर्वी नागपुरात टेकचंद यांच्या देहात त्यांच्या पत्नी रुखमिणी यांचे मूत्रपिंड बसवण्यात आले. सुनेला माहेरच्या गावाने ओळखण्याची आमच्याकडील रीत असल्याने रुखमिणी गेली चोवीस वर्षे ‘सिहोरावाली’ आहेत. साहजिकच मूत्रपिंडही ‘सिहोरावाली किडनी’ ठरले.

डॉक्टरांनी समजावले होते की देहाचे रक्षण दोन खाती करतात. पहिले जन्मजात, ते नावगाव न विचारता परक्यावर धावून जाते. (घरात हे खाते सासूबाई बायजाबाईंकडे आहे.) दुसरे अर्जित, ते सावकाश तपास करते, परक्याची खूण पटवते आणि ती आयुष्यभर विसरत नाही. (हे नणंद उषाबाईंकडे. सिहोऱ्याच्या मांडवातील भाजीत मीठ कमी होते, ही नोंद त्यांनी अद्याप जपली आहे.) दोन्ही खाती नव्या मूत्रपिंडाला परके मानतात, म्हणून त्यांना आवरणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या.

सभेचा आक्षेप तर्कशुद्ध होता. सारे जग प्रतिकारशक्ती वाढवत असता ती मुद्दाम खच्ची करायची, हे कोणते वैद्यक?

“कायले ताकद मारून राहिला बापू?” बायजाबाई म्हणाल्या. “गुळवेलीचा काढा पी.”

“ताकद वाढली तं ते माह्या किडनीलेच खाईल, मामीजी,” रुखमिणी सासूबाईंना म्हणाल्या. “गोळ्या बंद नोका करू.”

उषाबाईंनी ‘माह्या’ या शब्दावर हरकत घेतली. घरात आलेली वस्तू घरचीच, असे त्यांचे म्हणणे पडले. गोळ्या बंद करून काढा देण्याचा ठराव पाच विरुद्ध एक मतांनी संमत झाला. रुग्ण तटस्थ राहिले (आईसमोर ते नेहमीच राहतात).

अकराव्या दिवशी टेकचंद यांचे पाय सुजले, लघवी घटली. नागपुरात इंजेक्शने झाली. मूत्रपिंड मात्र वाचले नाही. आता टेकचंद आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. रुखमिणी उरलेल्या एका मूत्रपिंडानिशी सोबत असतात.

भेटीस आलेल्या पाहुण्यांनी बिनसले कुठे, असे विचारले. बायजाबाईंनी निकाल दिला, आणि सर्वांनी माना डोलावल्या. (आपण असता तर आपणही डोलावली असती, पाहुणे आपल्यासारखेच सुशिक्षित होते.)

“किडनी चांगलीच होती. तिलेच आमच्या घरात जमवून घेता नाही आलं.”