गिटारची गळती

हुलसूरच्या तालुका सांस्कृतिक महोत्सवात गेल्या वर्षी प्रमुख पाहुण्यांचे भाषण मागच्या रांगांपर्यंत पोहोचले नव्हते. मागच्या रांगांची त्याबद्दल काहीच तक्रार नव्हती. त्या शेंगा खात समाधानाने बसल्या होत्या. तरीही महोत्सव समितीने या प्रकाराची गंभीर दखल घेतली आणि यंदा ध्वनी उपसमिती नेमली. अध्यक्षपद शिवशंकरप्पांकडे गेले. त्यांचे बी-बियाण्यांचे दुकान आहे आणि गल्ल्यावरून न उठता ते कोपऱ्यावरच्या चहावाल्याला हाक मारू शकतात, ही त्यांची पात्रता. सचिव अरुणकुमार सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. ध्वनीशी त्यांचा संबंध आला नव्हता, पण ठरावांशी आयुष्यभर आला होता.

यंदा 'स्थानिक कलावंत' या सदराखाली शैलश्रीचे गिटारवादन ठेवले होते. शैलश्री मूळची दुबलगुंडीची, नौबादच्या एका शाळेत गणित शिकवते. तिची गिटार साधी, लाकडी, आतून पोकळ. तिच्या आईने, गंगव्वाने, ती आजवर फक्त स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडून ऐकली होती. लेक स्टेजवर बसून वाजवणार म्हणून गंगव्वा ठेवणीतले इरकल नेसून आली आणि कार्यक्रम संध्याकाळी असताना दुपारीच पहिल्या रांगेत बसली.

दुपारी आवाजाची तपासणी झाली. आवाजाचे खोके, म्हणजे स्पीकर, लिंगराज मंडपवाल्याचे होते. एका वरातीत या खोक्यांनी समोरच्या घराच्या काचा फोडल्या होत्या, आणि लिंगराज ही गोष्ट प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला आवर्जून सांगत असे.

"अण्णा, लाकडाचा आवाज यायला पाहिजे," शैलश्री म्हणाली. "माईक गिटारच्या भोकासमोर धरू नका. मान जिथं अंगाला मिळती, तिथं धरा. खोके माझ्या पाठीमागं नकोत, पुढं घ्या. आन खर्ज कमी करा."

"खर्ज कमी केल्यावर ऱ्हातंय काय, अक्का?"

"गिटार."

लिंगराजला हे उत्तर अपुरे वाटले. शिवाय खोके पुढे घेता येत नव्हते, कारण पुढची जागा पाहुण्यांच्या फोटोच्या फलकासाठी राखीव होती. खोके पाठीमागेच राहिले. शैलश्रीने पहिली तार छेडली आणि मंडपभर अशी कुई उठली की रस्त्यावरची म्हैस दावे तोडून पळाली. उपसमितीची बैठक तिथेच स्टेजवर भरली.

"ही कुई कामून यायलीय?" शिवशंकरप्पांनी विचारले.

"खोक्यातला आवाज माईकमधी शिरायलाय, अप्पा," शैलश्रीने सांगितले. "तिथनं परत खोक्यात जायलाय, परत माईकमधी."

"म्हणजे एकच गोष्ट त्याच टेबलावर पुन्हा पुन्हा येतेय," अरुणकुमार म्हणाले. "कचेरीत आम्ही याला कुई म्हणत नव्हतो. प्रक्रिया म्हणत होतो."

"मग खोके हलवा," शैलश्री म्हणाली.

"खोक्यांची जागा ठरावाने ठरलेली आहे. कुईची नाही. हलवायचीच असेल तर कुई हलवावी लागेल."

दरम्यान शिवशंकरप्पांनी गिटार हातात घेऊन आत डोकावून पाहिले होते. "ह्याला भोक हाय," ते म्हणाले.

"असतंच, अप्पा."

"असतंच म्हणून ठेवायचं व्हय? पोत्याला भोक पडलं तर आपण शिवतावच की. सगळा आवाज हितनं गळायलाय."

दुकानातून पुठ्ठ्याची खोकी बांधायची तपकिरी चिकटपट्टी आली आणि गिटारचे भोक बंद झाले. कुई निम्म्यावर आली. भोक झाकल्याने कुई कमी होते यात थोडेफार शास्त्र आहे, आणि सगळा घात तिथेच झाला. पहिला उपाय लागू पडलेल्या समितीला पुढे कोणी अडवू शकत नाही.

भोक बंद झाल्याने आवाज दबला, म्हणून लिंगराजने तो वाढवला. वाढवताच कुई परतली. शिवशंकरप्पांनी बराच वेळ निरीक्षण करून निदान केले. "तारा हलायल्यात."

"हलल्याबिगर वाजत्याल कशा?"

"बाई, तू हिसाबाची मास्तरीन. एवढं कळंना व्हय? हलायचं थांबलं की कुई थांबली."

सत्कारासाठी आणलेल्या शालींपैकी एक घडी करून तारांखाली कोंबण्यात आली. कुई पूर्ण थांबली. दोष दूर झाल्याचे अरुणकुमारांनी माईकवरून जाहीर केले. आलेल्या मोजक्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. गंगव्वानेही वाजवल्या.

"पण आता गिटार वाजंना गेलीय," शैलश्री म्हणाली.

"गिटार न वाजणे हा विषय उपसमितीच्या कक्षेत येत नाही," अरुणकुमार शांतपणे म्हणाले. "आमची कक्षा कुईपुरती आहे."

कार्यक्रमाला आवाज तर हवाच होता. तो लिंगराजच्या फोनमध्ये निघाला. नवरी मंडपात येताना तो जी गिटारची धून लावत असे, ती लावायची आणि शैलश्रीने तालात हात हलवायचा, असे ठरले. शैलश्रीने गिटार पिशवीत घातली आणि चेन ओढली.

शिवशंकरप्पा तिच्याजवळ गेले. ते मनाने वाईट नव्हते. "पोरी, तुजी आई दुपारपासून बसलीय. जागा जाईल म्हणून पाणी प्यायला बी उठली न्हाई. तिला जाऊन काय सांगू, तूच सांग."

शैलश्रीने पहिल्या रांगेकडे पाहिले. काय चालले आहे हे न कळताच गंगव्वाने हसून हात वर केला. शैलश्रीने चेन पुन्हा उघडली.

संध्याकाळी मंडप भरला. धून शैलश्री खुर्चीत बसण्यापूर्वीच सुरू झाली, तरी कोणाला वावगे वाटले नाही. ती हात हलवत राहिली. मधेच लिंगराजला कोणाचा तरी फोन आला आणि सगळ्या खोक्यांतून त्याच्या रिंगटोनचे ढोल-ताशे कडाडले. शैलश्रीने घाबरून हात जोरात चालवला. मागच्या रांगा उभ्या राहून शिट्ट्या वाजवू लागल्या. लिंगराजने फोन उचलला, तेव्हा पलीकडचा माणूस "हॅलो, कुठं हायस?" असे विचारताना सगळ्या तालुक्याने ऐकला आणि त्यालाही दाद मिळाली.

प्रमुख पाहुणे भारावले. त्यांनी शहरांत पुष्कळ गिटारी ऐकल्या होत्या, पण ढोल वाजवणारी गिटार हुलसूरनेच दिली, असे ते म्हणाले. सत्काराच्या वेळी एक शाल कमी पडली. थोडी शोधाशोध झाली आणि मग ती तारांखालून ओढून काढून कलावंताच्याच खांद्यावर घालण्यात आली.

गंगव्वा स्टेजमागे आली. लेकीच्या खांद्यावरची शाल तिने नीट केली, मग म्हणाली, "तुजा हात एकीकडं जायलता आन आवाज एकीकडं."

"व्हय, अव्वा."

"तू कामून वाजवली न्हाईस?"

शैलश्रीने भोकावरची पट्टी ओढून काढली, तिच्याबरोबर लाकडावरचे पॉलिशही निघाले. मग स्टेजमागच्या पायरीवर बसून तिने तारा जुळवल्या आणि वाजवायला लागली. गंगव्वा शेजारी टेकली आणि तिने गिटारच्या अंगावर तळवा ठेवला, गाभण गाईच्या पोटावर ठेवतात तसा. आतले लाकूड थरथरत होते.

चार माणसे जमली. "आवाज येईना गेलाय," त्यातला एक म्हणाला.

"जरा जवळ या," शैलश्री म्हणाली.

जवळ यायला कोणी तयार नव्हते. तेवढ्यात पुढे रेकॉर्ड डान्सची घोषणा झाली आणि ती माणसे तिकडे गेली. गंगव्वा एकटीच उरली. तिने शेवटपर्यंत ऐकले.

कार्यक्रमाचा व्हिडिओ दुसऱ्या दिवशी सगळीकडे फिरला. तो तुमच्याही फोनवर आला होता. तुम्ही त्या वेळी चारचौघांत होता, त्यामुळे आवाज बंद ठेवूनच तो पाहिलात, त्याला पसंतीचा अंगठा दिलात आणि 'अप्रतिम वादन' असे लिहून पुढे पाठवलात. उपसमिती तुमची आभारी आहे. तुमच्याच अभिप्रायाचा आधार घेऊन, पुढच्या वर्षीपासून कलावंतांनी वाद्य आणू नये, असा ठराव मंजूर झाला आहे.