गुंजाळ सरांची सरळ रेष

गुंजाळ सर कधीच वळत नाहीत. केजजवळच्या आमच्या गावातून पलीकडच्या वस्तीवर जायला ओढ्यात उतरून वळसा घालत जाणारा गाडीरस्ता आहे. सर त्या रस्त्यानं जात नाहीत. घरातून निघतात आणि नाकासमोर चालू लागतात. बांध आला की चढतात, सोयाबीन आलं की पँट खोचून तासातून जातात, मधे म्हैस बांधलेली असली तर तिला सरकवतात. कुणी हटकलं तर म्हणतात, "बाहीरून जोर लागत न्हाई तवर वस्तू सरळच जाती बे."

सर विज्ञान शिकवायचे. नोकरी संपली, तास संपला नाही. एकदा ग्रामसभेत खुर्चीवर चढून त्यांनी सत्काराचा नारळ आणि एक सुपारी एकदम सोडली. दोन्ही बरोबरच टेकली. "बगितलं का? मोठा आसू का बारका, पडायच्या टायमाला समदे सारखे." सरपंचांना ते लागलं, निवडणूक तोंडावर होती. मागून कुणीतरी विचारलं, मग पत्रावळ कावून मागं राहते? "हवा आडवी येती. आदी हवा काढून टाक, मंग बोल."

इथवर हसायला ठीक आहे. पण आमच्याकडं दुसऱ्याच्या शेतातून रोज जाणाऱ्याकडं कुणी माणूस म्हणून बघत नाही, उद्याचा दावा म्हणून बघतात. आज पावलं, उद्या वहिवाट, परवा तहसील. सरांची रेष जाते बापूंच्या रानातून, आणि बापू म्हणजे गावातले सगळ्यात मोठे जमीनदार.

मी शेतरस्त्याच्या आंदोलनात आहे. पत्रकं लिहितो, वाटतो, शिव्या खातो. पावसाळ्यात ओढा आला की वस्ती तुटते. बाळंतीण बाजेवर घालून पाण्यातून न्यावी लागते. बापूंच्या रानातून सरळ रस्ता मिळाला तर हे थांबेल. त्यासाठी तहसीलदारांपुढं एवढंच सिद्ध करायचं होतं, की तिथून जुनी वहिवाट आहे. साक्षीदार म्हणून सरांची एक सही पुरली असती.

सर म्हणाले, "ही वाट न्हाई बे, रेष हाय. रेषेला रुंदी नसती."

"मग पाय कशावर ठेवता, सर?"

"तुला कळायचं न्हाई. पत्रकं वाट, जा."

त्याच आठवड्यात सर बापूंच्या ओसरीवर बशीनं चहा पिताना दिसले. हा माणूस कुणाच्या दारात जात नाही. आणि सरांच्या रेषेवरच्या तुकड्यात लावायला उसाचं बेणं आणून ठेवलेल्या बापूंनी तिथं हरभरा पेरला. ऊस सोडून हरभरा? मला पचेना. रान असं झटकन मोकळं होणारं ठेवायचं म्हणजे प्लॉट पाडायचे, आणि सर दलाल. पत्रकाचा मथळासुद्धा मी लिहून टाकला: 'शिक्षक की दलाल?'

छापण्याआधी पुरावा हवा म्हणून एका दुपारी मी त्यांच्या मागं निघालो. बांधावर थांबून ते म्हणाले, "मागं मागं कशाला येतो बे? बरोबर चाल."

रेष संपली ती त्यांच्या मोठ्या बहिणीच्या अंगणात. दोघं फारसं बोलले नाहीत. चहा झाला, ऊन कललं, सर "येतो आक्का" म्हणून निघाले. मी मागं थांबलो.

"कोन हाय?" आक्कांनी विचारलं. मी हातभर अंतरावर होतो. वडलांचं नाव सांगितलं.

"जवळचं दिसत न्हाई बाबा मला. लांबचं दिसतंय."

मी सरळच विचारलं, "सर बापूंकडं कशाला गेलते?"

"ऊस लावू नको म्हनायला. ऊस वाढला की ह्यो दिसत न्हाई मला. बापू म्हनला, तू रस्त्याच्या कागदावर सही करू नको, मी ऊस लावत न्हाई."

"एवढ्यासाठी?"

"आई न्हवती आमाला. मी लगीन होऊन हितं आले तवा ह्यो लई लहान. भेटून निघाला की वळणावर झाडाआड जायाचा, आन् मी हितं रडत. मंग त्योच म्हनला, आक्का, मी सरळ जातो, तू बगत ऱ्हा."

मला राग आलाच. उद्या आक्कांनाच दवाखान्यात न्यायची वेळ आली तर त्यांनाही बाजेवर घालून त्याच ओढ्यातून न्यावं लागेल. सरांनी सही द्यायला हवी होती, हे माझं म्हणणं आजही कायम आहे आणि ते मी त्यांच्या तोंडावर बोललो आहे. दलाल हा शब्द तेवढा खोडला.

आक्का दारातल्या मेढीच्या खांबाला धरून उभ्या होत्या. हरभऱ्यातून सर लहान लहान होत चालले होते.

"एकदाबी माघारी बघत नाहीत," मी म्हणालो.

"कशाला बगंल? ठाव हाय त्याला."

त्यांनी माझ्या खांद्यावरून रानाकडं मान उंचावली. मग म्हणाल्या, "तू जरा बाजूला सरक बाबा. मधी आलायस."