कूलरमधली मरळ

मासोळी जितीच ठेवायची असं सिंधूताईनं ठरवलं, आणि सिंधूताईनं एकदा ठरवलं की हुडकेश्वरच्या त्या गल्लीत त्यावर अपील नसतं. (घरात तर नाहीच. तिचा नवरा प्रेमानंद लग्नाच्या पहिल्याच वर्षी अपील करणं विसरला.)

मासोळी मरळ होती. हातभर लांब, अंगावर सापासारखे पट्टे, आणि डोळ्यांत अशी मग्रुरी की पाहणाऱ्यानंच नजर खाली घालावी. होळी झाली की तळ्याचं पाणी उतरतं, ऊन चढतं आणि मरळ काठाशी येते, असं प्रेमानंदला त्याच्या दोस्तानं, बळीरामनं सांगितलं होतं. तेव्हापासून हा रिटायर माणूस नवाकोरा गळ, टोपी आणि गांडुळांचा डबा घेऊन तळ्यावर जायचा, आणि संध्याकाळी रिकामा डबा आणि भाजलेलं नाक घेऊन परत यायचा. सिंधूताई दारातच विचारायची, "काय वो, जेवू घालून आले का मासोळ्यायले?"

पण या शनिवारी तिनंच त्याला पाठवलं. कारणच तसं होतं. दुसऱ्या दिवशी तिची व्याहीण, कौसल्याबाई, सुनेला न्यायला येणार होती.

सून नंदिनीला सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत सिंधूताईलाही मान्य होती. पण नंदिनीचं बीपी चढत होतं आणि धंतोलीच्या डॉक्टरीणबाईनं स्वच्छ सांगितलं होतं की हिला दवाखान्यापासून लांब नेऊ नका. कौसल्याबाईचं गाव भंडाऱ्याच्याही पलीकडं, तळ्याच्या काठावर. अडीनडीला तिथं गाडी मिळणं कठीण. सिंधूताईनं हे सगळं फोनवर सांगितलं. कौसल्याबाई म्हणाली, बीपी-गिपी काही नाही, पोरगी उपाशी आहे, फोटोत गाल बसलेले दिसतात, तुम्ही नागपूरचे लोक बरफातली मासोळी खाता आणि तीच सुनेलाही घालता.

बीपीवरून सिंधूताईला राग आला नाही. बरफावरून आला.

खरं तर नंदिनीच्या पोटात काही ठरत नव्हतं. एकदाच ती म्हणाली होती की माहेरच्यासारखी ताजी मरळ मिळाली तर दोन घास जातील. नवरा प्रशिक नोकरीसाठी चंद्रपुरात, त्याचा काही उपयोग नाही. तेव्हा सिंधूताईनं बेत केला : व्याहीण येईल, चहा पिईल, मग तिच्या डोळ्यांसमोर जिती मरळ आणायची, कापायची, रस्सा करायचा, पोरीला वाढायचा. मग बोल म्हणावं बरफाचं.

आणि काय नवल, प्रेमानंद खरंच मरळ घेऊन आला. पाणी भरलेल्या पिशवीत, जिती. ती कशी ओढत होती, त्यानं चिखलात टाच कशी रोवली, हे तो हात पसरून सांगत होता आणि बळीराम शेजारी उभा राहून आभाळाकडं पाहत होता.

बादलीत मरळ राहीना. दोनदा उडी मारून सिलिंडरमागं गेली. ड्रममध्ये पिण्याचं पाणी. तेवढ्यात सिंधूताईची नजर हॉलच्या दारात स्टँडवर ठेवलेल्या कूलरवर गेली. आदल्याच दिवशी माळ्यावरून काढला होता, नवं गवत भरलं होतं, टाकी काठोकाठ.

"थंड पाणी, चारी बाजूनं बंद," ती म्हणाली. "लॉज हाय लॉज."

प्रेमानंदनं विचारलं की उद्या गरमी झाली तर. त्यावर तिनं सांगितलं, उद्याच्या दिवस पंखा.

रविवारी कौसल्याबाई बसनं आली, डोक्यावर तांदळाची पिशवी. जयभीम झाला. ती खुर्चीत टेकली, पदरानं मान पुसली आणि कूलरकडं पाहून म्हणाली की आहे तर चालू काहून नाही. अजून तेवढं कुठं तापलं, असं सिंधूताई म्हणाली. (हे म्हणताना तिच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम ठिबकत होता.)  कौसल्याबाईनं लेकीचे गाल पाहिले, बंद कूलर पाहिला, आणि मनातल्या मनात जे समजायचं ते समजून घेतलं.

चहा उकळत होता तेवढ्यात दारात आरोग्यवाली बाई आली. वंदना नाव. उन्हाळा लागला की महापालिकेच्या या बाया घरोघरी कूलर तपासतात. बॅटरीनं टाकीत पाहतात, मच्छराची अळी दिसली की औषध टाकतात.

औषध. सिंधूताईनं गॅस तसाच सोडला आणि कूलरसमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली. आमच्या कूलरमध्ये काही नाही म्हणाली. वंदना म्हणाली, काकू, दोन मिनिटांचं काम आहे. सिंधूताई म्हणाली, दोन मिनिटं दुसऱ्याच्या घरी दे.

कौसल्याबाई हळूच उठली.

"उघडू काहून देत नाही, ईनबाई? डेंगूचे मच्छर पाळून ठेवले का त्याच्यात? माही लेक पोटुशी हाय, मालूम हाय ना तुमाले?" मग मागं न पाहता म्हणाली, "नंदिनी, बॅग भर वं. आताच निघू."

आता सांगून टाकायचं, एवढंच काम होतं. पण बोलण्याआधी आपलं वाक्य कसं ऐकू जाईल याचा विचार सिंधूताईनं जन्मात पहिल्यांदा केला. 'आमच्या कूलरमध्ये मरळ आहे.' असं म्हणणाऱ्या बाईच्या घरी कोणती आई पोटुशी लेक ठेवेल? म्हणून ती गप्प राहिली, आणि तिकडं नंदिनीच्या साड्या बॅगेत जायला लागल्या.

प्रेमानंदला वाटलं, भांडण गरमीनं पेटलं आहे. त्यानं मरळीचं विसरून, मदत म्हणून कूलरचं बटण दाबलं.

पंप घुरघुरला. गवतावरून पाणी ओघळलं आणि त्याबरोबर घरभर तळ्याची हवा आली : शेवाळ, चिखल, मासोळी, सगळं एकदम. वाहतं पाणी लागताच मरळ टाकीत थडाथड आपटायला लागली. वंदना दोन पावलं मागं सरली. काकू, आत कोण आहे, असं तिनं विचारलं. 'काय' नाही, 'कोण'.

"मरळ हाय," सिंधूताई म्हणाली. तिनं प्लग उपटला आणि रागारागानं कूलरची जाळी ओढून काढली. "तुमच्या लेकीसाठी जिती ठेवली होती. घ्या, पाहा."

कौसल्याबाईला पाहायची तसदी घ्यावी लागली नाही. मरळच बाहेर आली. फरशीवर पडली, घसरत सोफ्याखालून निघाली आणि थेट बॅग भरत बसलेल्या नंदिनीच्या पायाशी. नंदिनीनं पाय वर घेतले. तळ्यावरचा शूर शिकारी प्रेमानंद सोफ्यावर चढला. कौसल्याबाईनं पदर खोचला, गुडघ्यावर बसली आणि डोक्यामागं दोन बोटं अशी घातली की मरळ जागच्या जागी गार.

वंदनानं बॅटरी मारून टाकी पाहिली.

"अळी एकही नाही, काकू. अळ्या खायला आम्ही कूलरसाठी गप्पी मासे देतो. तुमची गप्पी जरा जास्तच बाळसेदार निघाली."

तेव्हा नंदिनी हसली. कितीतरी दिवसांनी, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. आणि पोट धरून म्हणाली, "आई, भूक लागली. रस्सा करा ना हिचा."

हे ती म्हणाली सिंधूताईकडं पाहून. कौसल्याबाईच्या ते लक्षात आलं.

स्वैपाकखोलीत मग कौसल्याबाई विळीवर बसली आणि सिंधूताई मसाला वाटायला. वाटता वाटता तिनं डॉक्टरीणबाईचं सगळं बोलणं पुन्हा सांगितलं, या वेळी आवाज न चढवता. कौसल्याबाईनं ऐकून घेतलं.

"कूलरचं पाणी मासोळीले देऊन सोता घामात बसली बाई," ती म्हणाली. "राहू द्या पोरीले इथंच. दवाखाना जवळ हाय."

सिंधूताईचे हात पाट्यावरच थांबले. इतके दिवस छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि कांद्याला बोल लावला. (कांदा अजून चिरलाच नव्हता.)

मग कौसल्याबाईनं मरळीचं तोंड उघडून पाहिलं आणि आवाज खाली केला.

"ईनबाई, गळाची खूणच नाही हिच्या तोंडात. बाजारातली हाय."

हॉलमधून प्रेमानंदचा आवाज येत होता. टाच कशी रोवली ते तो वंदनाला सांगत होता. सिंधूताईनं वरवंटा उचलला, उठायला लागली. कौसल्याबाईनं तिचा हात धरला.

"बसा. माह्या घरचेबी जन्मभर बाजारातूनच धरून आणत राहिले."

सिंधूताई बसली. त्या दिवशी तिनं नवऱ्याला माफ केलं, इतकी ती हलकी झाली होती. नंदिनीनं दोन वाट्या रस्सा आणि भात खाल्ला, आणि तो पोटात राहिला. बॅग रिकामी झाली. आणि हात धुता धुता कौसल्याबाई म्हणाली की आता बाळ होईस्तोवर तीही इथंच राहील.

सिंधूताईनं हसून हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिनं कूलर साबणानं धुतला, मग लिंबानं, मग गवत बदललं. बटण दाबलं की हवा तळ्याचीच. पण तिनं वाईट वाटून घेतलं नाही. या वासात व्याहीण आठ दिवस टिकणार नाही, असं तिनं ठरवलं.

कौसल्याबाई रोज दुपारी बरोबर कूलरच्या तोंडासमोर चटई टाकते, पाय लांब करते, डोळे मिटते आणि म्हणते की या हवेत अगदी आपल्या गावी निजल्यासारखं वाटते.

सिंधूताई आत, पंख्याखाली.