साँ-क्लूची डुलकी

जेवणात बदक होतं, बदकासोबत वाइन होती आणि आता मे महिन्याचं मऊ ऊन होतं. औषधविक्रेते आल्सीद पोमरे पॅरिसजवळच्या साँ-क्लू गावी लाल मातीच्या टेनिस कोर्टाशेजारी रेषेवर नजर ठेवून बसले होते. काम हौसेचं, चेंडू बाहेर पडला की ओरडायचं, एवढंच. पण आज चूक झाली नाही, तर रविवारच्या अंतिम सामन्याला पंचांची उंच खुर्ची त्यांना मिळणार होती. त्या खुर्चीसाठी बिचाऱ्यांचा जीव कित्येक वर्षं झुरत होता.

चेस्टनटच्या झाडांतून वारा आला. चेंडूची टपटप लांब लांब जाऊ लागली. पोमरे अलगद आपल्या दुकानात पोचले. तिथे शेजारणीची शेळी खोकल्याच्या गोळ्या खात होती.

"बाहेर!" ते झोपेतच गरजले.

नेमका तेव्हाच गावच्या लाशोम या खेळाडूचा विजयाचा चेंडू रेषेच्या चांगला आत पडला होता. उंच खुर्चीवरून पंच कर्नल बोशार म्हणाले, "बाहेर. बरोबरी."

समोरचा इंग्रज विल्मट ओशाळला. असा फुकटचा गुण घेणं सभ्य खेळाडूला शोभत नाही. त्याने पुढचा चेंडू मुद्दाम जाळ्यात मारला.

"भीक नकोय मला!" म्हणत लाशोमने त्यापुढचा थेट झाडांत भिरकावला. पुन्हा बरोबरी. मग जाळं, मग झाड, पुन्हा जाळं. प्रेक्षकांतल्या बायकांनी विणकाम बाहेर काढलं.

पोमरेंच्या मागे बसलेल्या त्यांच्या बायकोने, ओनोरीनबाईंनी, नवऱ्याला छत्रीने ढोसलं. "अहो, उठा! झोपेत 'बाहेर' ओरडलात, सगळा घोळ झालाय!"

"अरे देवा! चेंडू आत होता?"

"हातभर आत! पण गप्प बसा. कुणाला कळलेलं नाही. खुर्ची हवीय ना?"

खुर्ची हवीच होती. पण लाशोमचा रडवेला चेहरा पोमरेंना बघवेना. ते उठले आणि पंचांपाशी गेले.

"कर्नलसाहेब, तो चेंडू मी पाहिलाच नाही. झोपलो होतो."

कर्नल घाईघाईने खाली वाकले. "हळू बोला हो! तुम्ही ओरडलात म्हणून तर मला जाग आली."

कर्नलने चोरून प्रेक्षकांकडे पाहिलं; बायका विणकामातच होत्या.

"रेषेवर झोपलं तर एक वेळ चालेल, खुर्चीवर नाही," म्हणत कर्नल उतरले. "चढा वर. मी तुमच्या जागी बसतो."

वरून नदी दिसत होती, पलीकडे धुरकट पॅरिस. पोमरेंचे डोळे भरून आले. तो गुण पुन्हा खेळायचा, असं त्यांनी जाहीर केलं. लाशोमने जीव खाऊन फटका मारला. चेंडू रेषेवरची पांढरी धूळ उडवून गेला. पोमरेंनी रिवाजाप्रमाणे आधी कर्नलकडे पाहिलं. त्यांची हनुवटी छातीला टेकली होती.

"आत. लाशोम विजयी," पोमरे म्हणाले, कर्नलची झोप मोडणार नाही इतक्या हळू आवाजात.