बसल्या जागी अकरा हजार पावलं

आमच्या लोहा गावात माझ्याइतकं चालणारा माणूस दाखवा, मिशी उतरवतो! मी शाळेतला क्लार्क. मी आणि खुर्ची एकत्रच जन्मलो, असं मास्तर लोक म्हणायचे. पण लेकीनं, राजकन्येनं, माझ्या उजव्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधलं आणि पहिल्याच दिवशी आकडा आला अकरा हजार! मी गावभर सांगत सुटलो.

राजकन्या लातूरला फिजिओथेरपी शिकते. घड्याळं माणसाचं चालणं-बसणं किती खरं ओळखतात, हा तिचा प्रोजेक्ट. वर्षाचे मार्क त्यावरच. म्हणून तिनं आठवडाभर माझ्या मांडीलाही एक सेन्सर चिकटवला होता. आता लपवून काय उपयोग, गेल्या दिवाळीत तिच्या डोक्यावर हात ठेवून मी तंबाखू सोडली होती. घरात तरी ती शपथ मी काटेकोर पाळत होतो.

प्रोजेक्ट दाखवायच्या दिवशी तिनं मला कौतुकानं बोलावलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसलो. पडद्यावर माझा आलेख आला आणि तिचे मन्मथ सर चष्मा पुसून पुन्हा बघू लागले. मनगट म्हणत होतं, माणूस चालतोय. मांडी म्हणत होती, बसलाय. दिवसातून पस्तीस वेळा असंच! सेन्सर बिघडलेत, सगळं पुन्हा करावं लागेल, म्हणजे वर्ष गेलं, असं सर म्हणाले. राजकन्येचा चेहरा पडला.

मी गप्प बसलो असतो तर माझी अब्रू राहिली असती. पण पोरीकडे बघवेना. उठलो.

"सर, मशीन बराबर हाय. मी बसूनच होतो. हात चालून राहिला होता."

आणि चाळीस पोरापोरींसमोर डाव्या तळहातावर उजवा अंगठा घासून, वर तीन थापट्या मारून दाखवल्या. घड्याळात तीनशे पावलं वाढली. सर एवढे खूश झाले की त्यांनी माझ्याकडून ते तीनदा करून घेतलं आणि शूटिंगही केलं. प्रोजेक्टचा पहिला नंबर आला. मला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

बाहेर राजकन्या आईशी फोनवर बोलत होती. फोन ठेवून तिनं हात पुढं केला. मी खिशातली पुडी काढून दिली.

"मोज्यातली पण."

हे कुठल्या सेन्सरनं सांगितलं, असं मी चाचरत विचारलं.

"मोजे आई धुती, अप्पा."

हात तसाच पुढं होता. मी कॉलेजच्या पायरीवर बसलो आणि बूट काढायला लागलो.