गुणिले शून्य दशांश चौऱ्याण्णव

१८९८च्या सप्टेंबरात ग्रोनसांड बेटाची समुद्रतळाची तार तुटली. ती कुठे तुटली, हे बेटावर सगळ्यांना ठाऊक होते. कोळशाच्या एका जहाजाचा नांगर बंदरापासून वीस किलोमीटरवर तारेत अडकला, तेव्हा मच्छीमार त्यार्क आपल्या होडीत शेजारीच होता. पण डोळ्यांनी पाहिलेले सरकारी दप्तरात चालत नाही. म्हणून त्याचा मेहुणा, तारमास्तर फोल्कर्ट उबेन, याने उपकरण लावून तुटल्या जागेपर्यंत तारेचा विद्युतरोध मोजला. तो दोनशे भरला. दर किलोमीटरला दहा, म्हणजे वीस किलोमीटर. विज्ञानाचे आणि त्यार्कचे एकमत झाले.

अडचण एवढीच होती, की हे दोनशे जुन्या पारा-एककात होते. एक मीटर उंच, एक चौरस मिलिमीटर छेदाच्या पाऱ्याच्या स्तंभाचा जो रोध, ते एक एकक. एवढ्यावर पूर्वी काम भागत असे. त्या वर्षी साम्राज्याने कायदा करून ओम हे नवे एकक आणले आणि परिपत्रक निघाले: ‘बेटांवरील अहवालांतील प्रत्येक आकडा शून्य दशांश चौऱ्याण्णवने गुणून पुढे पाठवावा.’ फोल्कर्टने गुणले. एकशे अठ्ठ्याऐंशी ओम. अहवाल टपालाच्या होडीने गेला.

जिल्हा कचेरीतल्या कारकुनाने आकडा पाहिला, परिपत्रक पाहिले. गुणलेला आकडा पुन्हा गुणू नये, असे त्यात कुठेही नव्हते. त्याने एकशे सत्त्याहत्तर केले. प्रांत कचेरीने एकशे सहासष्ट केले, मुख्य कचेरीने एकशे छप्पन्न. अंतराचा तक्ता मात्र जुनाच राहिला, कारण तो दुसऱ्या खात्याचा होता आणि त्या खात्याचे प्रमुख हवापालटाला गेले होते. दुरुस्तीचे जहाज साडेपंधरा किलोमीटरवर गेले, धडधाकट तार वर ओढली, कापली, तपासली, पुन्हा जोडली आणि शेरा मारून परतले: ‘तार उत्तम स्थितीत. तक्रार निराधार.’

“काय मेव्हणे,” त्यार्क चहात खडीसाखर टाकत म्हणाला, “तुमचं सरकार चांगली तार शोधायला आलं होतं होय?”

“दाजी, गप्प बसा. या वेळी मी त्यांच्यावर ताण करतो.”

फोल्कर्टने उलटे गणित मांडले. वरच्या तीन कचेऱ्या आकडा किती झिजवतील ते काढून त्याने दोनशे एक्केचाळीस ओम कळवले. घासून-घासून नेमके दोनशे उरले असते. पण तेवढ्यात मुख्य कचेरीतल्या निरीक्षक फॉन रेडेकोव्ह यांच्या लक्षात तिहेरी गुणाकार आला होता. हा कर्तव्यदक्ष माणूस. त्यांनी हुकूम दिला, की ग्रोनसांडच्या तारेचा रोध गुणू नये, उलट तीनदा भागावा. जहाज एकोणतीस किलोमीटरवर जाऊन आणखी एका जागी चांगली तार कापून आले.

ऑक्टोबरच्या मध्यात किनाऱ्यावरच्या सगळ्या बंदरांना वादळाचा इशारा तारेने मिळाला. ग्रोनसांडला मिळाला नाही. त्यार्क, तरुण मेन्नो आणि म्हातारा ओन्नो हाइकेन हेरिंग मासे धरायला गेले, ते परत आलेच नाहीत. चौथ्या दिवशी होडीची उलटी पाठ तेवढी वाळूला लागली.

फोल्कर्टने तीन ओळींचा अहवाल लिहिला. ‘इशारा न पोहोचल्याने तीन माणसे बुडाली.’ आकडा त्याने ठळक, स्वच्छ काढला.

उत्तर घेऊन स्वतः फॉन रेडेकोव्ह आले. तीनचे जिल्ह्यात २.८२ झाले होते, प्रांतात २.६५, मुख्य कचेरीत २.४९. अर्ध्याहून कमी अपूर्णांक सोडावा, या नियमाने मृत दोन.

“साहेब, भागायचा हुकूम होता ना?”

“तो रोधासाठी. माणसांसाठी मूळ परिपत्रकच लागू आहे.”

“अहो, तिघे होते! तिघांनाही मी वर्षानुवर्षं ओळखतो.”

“असतील. परिपत्रकात ‘प्रत्येक आकडा’ म्हटलंय. माणसं वगळायची तर वेगळं परिपत्रक लागेल. वसंतापर्यंत निघेल.” निरीक्षकांनी दौत पुढे सरकवली. “तुम्ही दोन नावं द्या. प्रकरण मिटलं, की जहाज निघालंच. नाही मिटलं, तर हिवाळाभर तार बंद. वादळं तर अजून यायचीत.”

संध्याकाळी सगळे बेट चर्चच्या दालनात जमले. फोल्कर्टने निरीक्षकांची अट सांगितली. मग मेन्नोची आई हळूच म्हणाली, “ओन्नोला तसं कुणी नव्हतं.”

“मूळचा तरी कुठे इथला तो,” मागून कोणीतरी जोडले. त्याला बेटावर येऊन एक्केचाळीस वर्षे झाली होती.

“त्यानं मला पोहायला शिकवलं,” फोल्कर्ट म्हणाला. “त्याला जिवंत ठरवून मी सही करू?”

त्याची बहीण विब्के काळ्या शालीत भिंतीशी बसली होती. तिने मान वर केली.

“माझा त्यार्क राहतोय ना यादीत?”

“राहतोय.”

“मग कर सही, फोल्कर्ट.”

त्याने सही केली. जहाज आले. कप्तानाने कागद न उघडता धक्क्यावरच्या मच्छीमारांना ‘कुठे’ म्हणून विचारले, त्यांनी बोट दाखवले, आणि दुपारपर्यंत तार सुरू झाली. रविवारी पाद्रीबाबांनी दोघांसाठी घंटा वाजवली. ओन्नो दप्तरी हयात असल्याने त्याच्यासाठी वाजवता आली नाही. फोल्कर्ट घंटा संपेपर्यंत दारातच उभा राहिला, आत गेला नाही.

त्याच्या जागी आपण असतो तर दौत भिरकावली असती, असे तुम्हाला वाटत असेल. वाटू द्या. फक्त यादीत आपल्या घरचे नाव आहे का, ते तुम्हीही आधी पाहिले असते.